ओलं सरपण कुठं आहे?

भंडारा जिल्ह्यातल्या पवनीत वादाला विषय कधी कमी पडत नाहीत. वैनगंगेचा घाट असो, पानठेला असो, की धान खरेदी केंद्रापुढची ट्रॅक्टरची रांग. गोसे धरणाचं पाणी, धानाचा बोनस, वाघ, नदीचा वास आणि कोणाच्या घरी कोण कशानं आजारी पडलं, यांवर बोलणं चालूच असतं. दिवाळी झाली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. लेकी-जावई येतात, रात्री दंडार किंवा नाटक असतं आणि दिवसा वर्षभराचे सगळे वाद नव्यानं निघतात. या बोलण्यावर माझं प्रेम आहे. जिथं माणसं अजून समोरासमोर बसून भांडतात, तिथं काहीतरी ठरण्याची शक्यता उरते. म्हणूनच हे वाद त्याच त्या जुन्या युक्त्यांनी बिघडताना पाहवत नाहीत.

या युक्त्या खरोखरच जुन्या आहेत. इसवीसनाच्या पहिल्या काही शतकांत सिद्ध झालेल्या न्यायसूत्रांत अक्षपाद गौतमानं त्यांची नावानिशी नोंद केली. चर्चेचे त्यानं तीन प्रकार सांगितले. सत्य काय ते शोधण्यासाठी दोघं बोलतात तो वाद. जिंकण्यासाठी बोलतात आणि त्यासाठी शब्दच्छलही चालवून घेतात तो जल्प. आणि स्वतःचं काहीही न मांडता फक्त दुसऱ्याचं मोडत राहायचं, ती वितंडा. तिसरा शब्द आपण ‘वितंडवाद’ म्हणून रोज वापरतो. पहिल्या दोहोंमधला फरक मात्र विसरलो आहोत. पारावर बसलेल्या दोघांना आपण वाद घालतो आहोत असं वाटत असतं. प्रत्यक्षात चाललेला असतो जल्प.

जल्पाला माझा सरसकट विरोध नाही. त्याची जागा मंचावर आहे. कलगी-तुऱ्याच्या फडात तुरेवाले शिवाला श्रेष्ठ ठरवतात, कलगीवाले शक्तीला. कोडं घालून प्रतिपक्षाला निरुत्तर करणं हाच तिथला आनंद. शिव मोठा की शक्ती, याचा निकाल सकाळपर्यंत लागला नाही म्हणून कोणाचं काही अडत नाही. ग्रामसभेत पाण्याच्या टाकीचा प्रश्न तसाच राहिला, तर मात्र अडतं.

पवनीच्या मातीत या फरकाची आठवण देणारी एक गोष्ट आहे. जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी हे त्याचे प्रमुख. इसवीसनापूर्वीच्या शतकांतला मोठा स्तूप, त्याच्या वेदिकेचे खांब, ब्राह्मीतले दानलेख आणि मुचलिंद नागाचं नाव कोरलेला शिल्पपट तिथं मिळाला. बौद्ध संघात प्रश्नोत्तर ही शिकण्याची रीतच होती. या परंपरेतल्या ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद नागसेन नावाच्या भिक्षूला म्हणतो, माझ्याशी चर्चा करा. नागसेन उत्तर देतो, राजा, पंडितांच्या रीतीनं करणार असशील तर करतो, राजांच्या रीतीनं असेल तर नाही. दोहोंत फरक काय? पंडितांच्या चर्चेत गुंता होतो, उकल होते, कोणी चुकतो, चूक कबूल करतो आणि तरी कोणी रागावत नाही. राजे एक मुद्दा मांडतात आणि जो मानत नाही त्याला शिक्षा फर्मावतात.

घरोघर आणि कचेऱ्या-कचेऱ्यांतून हा राजवाद आजही चालतो. ‘मी सांगतो ना!’ म्हणणारे वडील, ‘तुले का समजते?’ म्हणणारा काका, ‘तुमचा अनुभव किती?’ विचारणारा साहेब. इथं मुद्द्याला उत्तर मिळालेलं नसतं, माणसाला त्याची जागा दाखवलेली असते. वयानं लहान मुलगी बरोबर बोलू शकते, हे एकदा मान्य केलं की ही युक्ती लगेच उघडी पडते.

पण न्यायसूत्रांतला मला सर्वांत मोलाचा वाटतो तो भाग म्हणजे निग्रहस्थानं. चर्चेत माणूस कुठं कुठं हरला असं समजावं, अशा २२ जागा गौतमानं सांगितल्या आहेत. त्यातल्या काही वाचताना आपल्याच तालुक्यातली एखादी सभा ऐकतो आहोत असं वाटतं. समजा, कोणी विचारलं, “नालीचं काम अर्धवट का आहे?” उत्तर येतं, “मागच्यानं तरी कोणतं पूर्ण केलं होतं?” याचं नाव मतानुज्ञा. आपल्यावरचा दोष न खोडता तोच दोष दुसऱ्याच्या अंगाला लावायचा. गौतमाच्या मते असं करणारा हरलेलाच आहे, कारण असं करताना आपल्यावरचा दोष तो न बोलता मान्य करून बसतो. मग तोच माणूस म्हणतो, “रस्ते बघा ना, किती सुंदर झाले!” हे अर्थांतर, विषय सोडून भलतीकडे जाणं. “सहा महिन्यांत पूर्ण करू असं तुम्हीच म्हणाला होता,” अशी आठवण दिली की, “मी सुरू करू म्हणालो होतो.” हे प्रतिज्ञांतर, दावा धरून ठेवता येत नाही असं दिसताच त्याला नवी पुस्ती जोडणं. पुढं जाऊन “मी असं म्हणालोच नव्हतो,” तर तो प्रतिज्ञासंन्यास. शेवटी कोणी अंदाजपत्रक मागितलं की कलमं, उपकलमं, लेखाशीर्षं यांचा असा मारा होतो की सभेतल्या एकालाही काही कळत नाही. तीनदा सांगूनही सभेला आणि प्रतिपक्षाला कळणार नाही असं बोलणं म्हणजे अविज्ञातार्थ, आणि तीही हारच. एवढ्यात मोबाइल वाजतो, “जरा अर्जंट काम आहे, येतो,” आणि सभा संपते. काम पुढं करून चर्चा मोडणं याचंही नाव सूत्रात आहे: विक्षेप.

ही सगळी नावं पाठ करण्याची गरज नाही. महत्त्वाचं इतकंच की बोलण्यातली पळवाट दिसली, तर ती हार म्हणून मोजायची असते, हुशारी म्हणून नाही. आपल्याकडे उलट होतं. मूळ प्रश्न चुकवून टाळ्या मिळवणाऱ्याला आपण ‘काय बोलला!’ म्हणून दाद देतो. ही दाद देणं थांबलं, तर सभेतल्या निम्म्या युक्त्या आपोआप बंद पडतील.

आता गोसेकडे येऊ. गोसे म्हणजेच गोसीखुर्द धरण पवनी तालुक्यात आहे, आणि तर्काचे जितके प्रकारचे घोळ होऊ शकतात तितके सगळे त्याच्या भोवती आहेत. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला धरलेला खर्च ३७२ कोटी रुपये होता. पुढच्या सुधारित अंदाजांत तो १८ हजार कोटींच्या वर गेला. अडीच लाख हेक्टर सिंचनाचं उद्दिष्ट आणि त्यासाठी भंडारा-नागपूर जिल्ह्यांतल्या अनेक गावांचं विस्थापन, असा हा व्यवहार. गाव सुटणारी माणसं मोबदला, जमीन आणि नव्या वसाहतीत नागरी सोयी मागत होती. त्यांना ऐकावं लागलं, “तुम्हाला विकास नको आहे का?” ते कधीच ‘विकास नको’ म्हणाले नव्हते. त्यांच्या तोंडी सोपं, खोडायला सोयीचं वाक्य घालून मग ते खोडलं गेलं. त्याला जोडून दुसरी युक्ती: “धरण हवं की दुष्काळ, सांगा.” जणू तिसरा रस्ताच नाही. चांगलं पुनर्वसन करून बांधलेलं धरण हाही एक पर्याय होता, आणि लोक तोच मागत होते. २०१३ मध्ये सरकारनं प्रकल्पग्रस्तांसाठी सुमारे १,२०० कोटींचं विशेष पॅकेज मंजूर केलं. पंचवीस वर्षांनी ते मंजूर करावं लागतं, यातच त्या जुन्या प्रश्नाचं खोटेपण दिसतं.

खर्चावरचा युक्तिवादही तपासण्यासारखा आहे. “इतके हजार कोटी गेले, आता मागं कसं फिरणार?” गेलेला पैसा कोणताही निर्णय घेतला तरी परत येत नाही. पुढं लागणारा पैसा आणि पुढं होणारा लाभ, एवढ्याच दोन गोष्टी तराजूत घालायच्या असतात. त्या हिशेबानं काम पूर्ण करणं योग्यही ठरेल. पण ते त्या हिशेबानं ठरायला हवं. बिघडलेल्या बोअरवेलवर तिसऱ्यांदा पैसे घालणारा शेतकरी आणि मुलाला न झेपणाऱ्या क्लासची दुसऱ्या वर्षाची फी भरणारे आईवडील याच जागी अडकतात.

ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेला महापूर आला. भंडारा शहरात पाणी शिरलं, खाली चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंत गावं बुडाली. तेव्हापासून दोन पक्ष आहेत. एक म्हणतो मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून सोडलेल्या पाण्यानं पूर आला. दुसरा म्हणतो गोसेनं पाणी अडवून धरल्यानं. नदीच्या वरच्या खोऱ्यात किती पाऊस पडला, कोणत्या धरणाचे दरवाजे केव्हा आणि किती उघडले, ही बातमी खालच्यांना केव्हा मिळाली, पुराच्या पट्ट्यात बांधकामं कुठवर आली होती. हे चारही धागे एकत्र ओढल्याशिवाय पूर समजत नाही. एकच कारण पकडलं की वाद सोपा होतो आणि पुढच्या पुराची तयारी मात्र होत नाही. गोसेचे ३३ दरवाजे उघडल्याची बातमी दर पावसाळ्यात येते. पाणी खालच्या गावात किती तासांनी पोचेल, हा प्रश्न तिच्यापेक्षा मोठा आहे.

वाघाची गोष्ट वेगळ्या जातीची. नागझिऱ्यात जन्मलेला ‘जय’ २०१३ मध्ये उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात आला आणि त्यानं या जंगलाला देशभर ओळख दिली. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती. एप्रिल २०१६ नंतर त्याचा माग लागला नाही. लगेच दोन ठाम मतं तयार झाली. “मेल्याचा पुरावा नाही, म्हणजे जिवंत आहे, दुसऱ्या जंगलात गेला.” आणि “जिवंत असल्याचा पुरावा नाही, म्हणजे मारला.” दोन्ही वाक्यांची घडण एकच आहे: पुरावा नसणं हाच पुरावा धरायचा. यावर सरळ उपाय आहे. पुरावा शोधला कुठं, कसा आणि शोधणाऱ्याला तो सापडण्याजोगा होता का, हे विचारायचं. कॉलरचा संदेश येत नाही याची कारणं अनेक असू शकतात. पण कॅमेरे लावलेल्या जंगलात एवढा मोठा नर वाघ महिनोन्महिने एकदाही टिपला जात नाही, याला वजन आहे. किती वजन, एवढाच वाद उरतो, आणि तो प्रामाणिकपणे घालता येतो.

आता मला ज्याबद्दल सर्वांत कळकळीनं लिहायचं आहे, तिथं येतो.

‘डोंगरावर अग्नी आहे, कारण तिथं धूर आहे, जिथं धूर तिथं अग्नी, जसं स्वयंपाकघरात,’ हा न्यायशास्त्राचा नेहमीचा नमुना. पुढच्या नैयायिकांनी तो उलटा करून पाहिला. ‘जिथं अग्नी तिथं धूर’ म्हणता येईल का? नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. मग चुलीत धूर का होतो? कारण तिथं सरपण ओलं आहे. अग्नी आणि धूर यांच्यामध्ये ही न बोललेली अट लपलेली असते. तिला त्यांनी उपाधी म्हटलं. रोजच्या बोलण्यातल्या बहुतेक फसवणुका या लपलेल्या अटीवर उभ्या असतात. ‘हे झालं, मग ते झालं, म्हणजे यानं ते झालं’ असं कोणी म्हणालं की विचारायचं, ओलं सरपण कुठं आहे?

मुलाला ताप येतो. तीन दिवस उतरत नाही. कोणी उतारा टाकायला सांगतं, चौथ्या दिवशी ताप उतरतो. ‘उताऱ्यानं गुण आला.’ बहुतेक साधे विषाणूजन्य ताप तीन ते सात दिवसांत आपले आपण उतरतात, हे ओलं सरपण. माणूस उपाय शोधतो तो आजार ऐन भरात असताना, आणि भरानंतर उतारच असतो. म्हणून अशा वेळी केलेला कोणताही उपाय लागू पडल्यासारखा वाटतो. आणि मूल दगावलंच, तर? ‘उशीर झाला’, ‘बाहेरचं जास्त होतं’. गुण आला तरी दावा खरा, नाही आला तरी खरा. ज्या दाव्याला खोटं ठरायची वाटच ठेवलेली नाही, त्याच्या खरेपणाला काही किंमत उरत नाही.

इथवर नुकसान एका घराचं असतं. पण हाच तर्क एक पाऊल पुढं जातो: “ती बाई अंगणातून गेली आणि त्याच रात्री पोरगं आजारी पडलं.” पूर्व विदर्भात या वाक्यानं माणसं गावाबाहेर काढली गेली आहेत, मारलीही गेली आहेत. ज्यांच्यावर आळ येतो त्या बहुतेक एकट्या, म्हाताऱ्या, विधवा किंवा जमिनीच्या वाट्यावरून ज्यांचं कोणाशी वाकडं आहे अशा बाया असतात. अंगणातून त्या दिवशी पन्नास माणसं गेलेली असतात. आठवण ठेवली जाते ती एकीची, कारण संशय आधीच होता. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांत राज्यानं जादूटोणाविरोधी वटहुकूम काढला आणि डिसेंबरात कायदा झाला. करणी करते असं म्हणून कोणाला छळणं त्यात गुन्हा आहे. पण कायदा पोचतो तो घटना घडल्यावर. ‘त्या दिवशी अंगणातून आणखी कोण कोण गेलं होतं?’ हा प्रश्न त्याच्या आधी पोचू शकतो, आणि तो शेजारणीनंच विचारायचा असतो.

पानठेल्यावरचा युक्तिवाद असाच जीवघेणा आहे. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीवर घोटून केलेला खर्रा आपल्याकडे शाळकरी पोरांच्याही खिशात असतो. टोकलं की उत्तर ठरलेलं, “आमचा आजा जन्मभर खात होता, नव्वदीत गेला.” आजा खराही असेल. पण ज्यांचं तोंड पंचेचाळिशीत उघडेनासं झालं, ज्यांचा जबडा काढावा लागला, ते पानठेल्यावर आपली बाजू मांडायला उभे नसतात. जे वाचले तेच साक्षीला येतात. तंबाखूचं सोडाच, नुसती सुपारीही कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं जाहीर केलं आहे. एका आज्याला विचारण्याऐवजी तोंडाच्या कर्करोगाच्या वॉर्डात झोपलेल्यांना, काय खात होता, असं विचारलं की उत्तर बदलतं.

मन वळवण्याच्या बाकीच्या क्लृप्त्या लवकर ओळखू येतात. ‘सगळ्या गावाचं म्हणणं आहे’ असं कोणी म्हणालं की पाच नावं विचारावीत. ‘तुमच्यासारख्या सुज्ञ माणसाला सांगायला नको’ या वाक्यानंतर पुरावा क्वचितच येतो. ‘आजच पैसे भरा, उद्या योजना बंद’ ही घाई विचार करायला वेळ मिळू नये म्हणून असते. उद्यापर्यंत टिकत नाही तो व्यवहार सोडलेलाच बरा. मोबाइलवरचा मजकूर दहा जणांकडून आला म्हणून दहापट खरा होत नाही, कारण दहाही जणांनी तो एकाच ठिकाणून पुढं ढकललेला असतो.

मात्र हे सगळं शिकलेल्या माणसाला एक मोठा धोका असतो, आणि तो मी आमच्याच भागातल्या हुशार तरुणांमध्ये पाहतो. दुसऱ्याच्या बोलण्यातली चूक दाखवली की आपण बरोबर ठरलो, असं त्यांना वाटू लागतं. तर्क कच्चा असूनही निष्कर्ष खरा असू शकतो. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत येतं, आणि धरणामुळे पाणी साचून राहतं. घाटावरच्या बाया सांगत होत्या, पाण्याला वास येतो, अंगाला खाज सुटते, पहिल्यासारखी मासोळी मिळत नाही. ‘वास येतो हा काही शास्त्रीय पुरावा नाही,’ असं त्यांना सांगणं वितंडा आहे. त्या बायांकडे प्रयोगशाळा नाही. जे लोक पाणी सोडतात आणि जे ते पिण्याजोगं असल्याचं सांगतात, पुरावा देण्याची जबाबदारी त्यांची आहे. सिद्ध कोणी करायचं, हा प्रश्न वादाच्या सुरुवातीलाच ठरला नाही, तर ज्याच्याकडे कागद आहेत तो नेहमी जिंकतो.

२२ निग्रहस्थानांतलं एक मी मुद्दाम मागं ठेवलं होतं: अननुभाषण. प्रतिपक्षानं एक गोष्ट तीनदा सांगितली, सभेला ती कळली, तरीही तुम्हाला ती त्याच्या अर्थानं परत म्हणून दाखवता आली नाही, तर तुम्ही हरलात. आपल्या अनेक जुन्या शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष मांडण्याची पद्धत आहे ती यासाठीच. आमच्या तालुक्यातल्या शाळांमधून वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धा दरवर्षी होतात. पोरं तडफेनं बोलतात, शिक्षक मेहनत घेतात, पण गुण आवाजाला, हातवाऱ्यांना आणि सुभाषितांना पडतात. या स्पर्धांमध्ये एवढाच एक नियम घालावा, अशी माझी विनंती आहे. बोलायला उठलेल्या मुलानं आधी समोरच्या मुलीचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं. ती ‘होय, मी हेच म्हणाले’ असं म्हणाली की मगच त्याची वेळ सुरू करायची. आणि चर्चेत चूक कबूल करणाऱ्याला गुण कापण्याऐवजी द्यायचे.

पहिला विषय २०२० चा पूर ठेवता येईल. दोन्ही बाजूंच्या मुलांनी आपापल्या गावात पाणी किती वाजता आलं आणि सूचना किती वाजता आली ते घरोघर विचारावं, भिंतीवरच्या पुराच्या खुणा मोजाव्यात, पाटबंधारे खात्याकडून विसर्गाचे आकडे मागवावेत आणि दोन्ही बाजूंनी तेच कागद समोर ठेवून बोलावं. परीक्षक म्हणून ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं अशा दोन-तीन जणांना बोलवावं.